दगड फुटला, काचा राहिल्या

मागच्या अंकात सोन्याचा कस कसा लावतात ते लिहिताना ऑस्ट्रेलियातल्या हिल एंड या खेड्याचं नाव मी ओघात घेतलं होतं. सोन्याने भरलेला जगातला सर्वांत मोठा दगड तिथे सापडला, एवढंच लिहिलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: मी न्यू साउथ वेल्समध्ये खनिजांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं नोकरी केली. खाणीतून आलेल्या दगडात सोनं किती आहे हे तपासणं हे माझं काम होतं. हिल एंडला मी पहिल्यांदा गेले ती त्या दगडाच्या ओढीने. पुढे पुन्हा पुन्हा गेले, त्याला कारण वेगळं होतं. ते खाली येईलच.

प्रश्न : नकाशावर हिल एंड शोधलं, ठिपकासुद्धा धड दिसत नाही. हे गाव नेमकं कुठे आहे आणि त्याची हकिकत काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, ठिपका लहान आहे खरा. सिडनीहून पश्चिमेला 200 किलोमीटरवर बॅथर्स्ट हे शहर लागतं. तिथून डोंगरवाटेने आणखी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आत गेलं की हिल एंड. आज वस्ती शंभराच्या आतबाहेर. 1872 साली तिथे 8,000 च्या आसपास माणसं राहत होती.

सुरुवात 1851 ची. त्या वर्षी बॅथर्स्टच्या बाजूला ओफीर इथे सोनं लागल्याची बातमी फुटली आणि सिडनीतली माणसं दुकानं, कचेऱ्या, बंदरातली जहाजं सोडून डोंगराकडे धावली. सरकारने लगोलग परवाना काढला. महिन्याला 30 शिलिंग भरायचे, सोनं मिळो न मिळो. त्याच वर्षी टँबरूराच्या ओढ्यांतही सोनं सापडलं. खरं तर टँबरूरा हे आधीचं गाव. हिल एंड त्याच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर, सुरुवातीला त्याला बाल्ड हिल्स म्हणत, म्हणजे बोडक्या टेकड्या.

पहिली काही वर्षं गाळातल्या सोन्याची. हे सोनं एकट्यादुकट्याला काढता येतं, थाळी, फावडं आणि वाहतं पाणी असलं की झालं. पण ओढ्यात सोनं येतं ते वरच्या डोंगरातून झिजून. तो मूळ डोंगर म्हणजे हॉकिन्स हिल. तिथे पाटीच्या दगडाच्या थरांमधून गारगोटीच्या बारीक शिरा जातात आणि सोनं त्या शिरांत आहे. ते काढायचं तर बोगदे हवेत, सुरुंग हवेत, दगड कुटायची यंत्रं हवीत, म्हणजे पैसा हवा. म्हणून 1871 पासून कंपन्या निघाल्या आणि सिडनीत त्यांच्या शेअरांवर उड्या पडल्या. कित्येकांनी आयुष्यात न पाहिलेल्या डोंगरात साठवलेले पैसे घातले. 1874 येईपर्यंत भर ओसरलेली होती. जेमतेम तीन-चार वर्षांचं वैभव.

माणसं गेली तशी घरंही गेली. लाकडाची, पत्र्याची घरं उकलून, गाड्यांवर घालून पुढच्या ठिकाणी नेली गेली. म्हणून आज गावातून चालताना घरांपेक्षा मोकळ्या जागाच जास्त लागतात.

प्रश्न : इंटरनेटवर एक फोटो दिसतो. जवळजवळ माणसाच्या उंचीचा सोन्याचा दगड आणि त्यावर हात ठेवून उभा असलेला गृहस्थ. तो दगड अख्खा सोन्याचा होता का? आता कुठे आहे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

दगड खरा, माणूस खरा, फोटो मात्र जोडून केलेला. माणूस वेगळा टिपला, दगड वेगळा, आणि मग दोघं एका चित्रात आणले. तेव्हाही ही हातचलाखी करता येत होती.

तो गृहस्थ म्हणजे बर्नहार्ड होल्टरमन. जन्म 1838, हॅम्बुर्गचा. विशीत ऑस्ट्रेलियाला आला. हिल एंडच्या भागात आल्यावर नदीवर नाव चालवली, हॉटेल चालवलं आणि खाणीत राबत राहिला. त्याचा भागीदार लुई बेयर्स. या दोघांनी 1868 मध्ये एकाच दिवशी लग्नं केली, त्याही दोघी सख्ख्या बहिणी, हॅरिएट आणि मेरी एमेट. भागीदार होते ते साडू झाले.

त्यांच्या खाणीचं नाव स्टार ऑफ होप. 19 ऑक्टोबर 1872 च्या रात्री रात्रपाळीच्या कामगारांनी सुरुंग लावला आणि धूर निवल्यावर समोरची भिंत चमकताना दिसली. तिथून जो दगड बाहेर आला त्याची उंची दीड मीटरच्या आसपास, वजन 286 किलो. त्यातलं सोनं अंदाजे 3,000 ट्रॉय औंस, म्हणजे 93 किलो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तो अख्खा सोन्याचा नव्हता. ढेकूळ म्हणतात ते वेगळं, ते बहुतेक सगळं सोनंच असतं. त्यात पहिला मान व्हिक्टोरिया राज्यात मोलियागुलजवळ 1869 साली सापडलेल्या वेलकम स्ट्रेंजरचा, त्यात 72 किलोच्या आसपास शुद्ध सोनं होतं आणि ते जमिनीखाली काही सेंटिमीटरवर पडलेलं होतं. होल्टरमनचा दगड म्हणजे गारगोटी, पाटीचा दगड आणि सोनं यांचा एकजीव झालेला तुकडा. तरीही या आकड्यांनी माझी काय अवस्था होते ते सांगते. प्रयोगशाळेत आम्ही दगडाचं पीठ करायचो, त्यात शिशाचा ऑक्साइड मिसळून मुशीत वितळवायचो. सोनं शिशाबरोबर तळाला बसतं. मग ती शिशाची गोटी राखेच्या छोट्या वाटीत पुन्हा भट्टीत ठेवायची. शिसं वाटीत मुरतं आणि मधोमध एक मणी उरतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. चिमट्याने उचलताना श्वास रोखून धरावा लागतो. टनाला एक-दोन ग्रॅम सोनं निघालं तरी आजची खाण चालू शकते. आणि या दगडात वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा सोनं!

तो आता कुठे आहे? कुठेच नाही. होल्टरमनला तो जपून ठेवायचा होता. दगडाची किंमत 12,000 पौंड धरली होती, त्यावर 1,000 पौंड जास्त द्यायला तो तयार होता. कंपनीने ऐकलं नाही. दगड फोडला, कुटयंत्राखाली घातला, सोनं वेगळं करून विकलं. माझं सगळं आयुष्य दगडाचं पीठ करण्यात गेलं, पण हा दगड फोडायला नको होता असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सोन्याच्या गोष्टींत नेहमी पुरुषच दिसतात. तिथे बायका-मुलं होती का? त्यांचं काही कुठे नोंदलेलं आहे का? (एक गृहिणी, अकोला)

ताई, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण मी पुन्हा पुन्हा हिल एंडला जाते ती याचसाठी.

1872 मध्ये बोफॉय मर्लिन नावाचा फोटोग्राफर आपल्या चार्ल्स बेलिस या तरुण मदतनिसाला घेऊन हिल एंडला आला. त्याची पद्धत साधी होती. रस्त्याने जायचं, प्रत्येक घरासमोर, प्रत्येक दुकानासमोर कॅमेरा मांडायचा, आतल्या माणसांना बाहेर बोलवायचं आणि दारात उभं करायचं. श्रीमंताची हवेली आणि झाडाच्या सालीची झोपडी यांत त्याने फरक केला नाही. तेव्हा फोटो काचेवर निघत. काचेला ओलं रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन, अंधाऱ्या गाडीत धुऊन काढायचं. उन्हाळ्यात, धुळीत, रस्त्यावर हे सगळं करायचं. होल्टरमन या कामावर इतका खूश झाला की त्याने आपला पैसा यात घातला. मर्लिन 1873 मध्ये न्यूमोनियाने गेला, बेलिसने काम पुढे नेलं. नंतर होल्टरमनने सिडनीत टेकडीवर मोठा वाडा बांधला, त्याच्या मनोऱ्यातून बेलिसने 1875 मध्ये शहराची प्रचंड चित्रं घेतली. त्यांतल्या काही काचा दीड मीटरहून रुंद होत्या. फिलाडेल्फिया आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यांना पदकं मिळाली. 1885 मध्ये आपल्या 47 व्या वाढदिवशी होल्टरमन वारला आणि हिल एंडच्या काचा विस्मरणात गेल्या.

त्या सापडल्या 1951 मध्ये. कीस्ट बर्क हे फोटोग्राफीच्या एका मासिकाचे संपादक. त्यांनी माग काढत काढत सिडनीच्या चॅट्सवुड भागातलं होल्टरमनच्या सुनेचं घर गाठलं. तिथे मागच्या बागेतल्या शेडमध्ये पेट्यांत रचून ठेवलेल्या साडेतीन हजार काचा निघाल्या. जवळजवळ पाऊणशे वर्षं त्या बिनबोभाट पडून होत्या. पुढे कुटुंबाने त्या सिडनीच्या मिचेल लायब्ररीला दिल्या आणि 2013 मध्ये युनेस्कोच्या स्मृतिठेव्याच्या ऑस्ट्रेलियातल्या यादीत हा संग्रह नोंदवला गेला.

आता बायका-मुलांचं. लायब्ररीने या काचा इतक्या बारकाईने स्कॅन केल्या आहेत की संगणकावर चित्र मोठं करत गेलं की दुकानाच्या आतल्या मालावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. मी एक चित्र अनेकदा उघडते. सालीच्या छपराची झोपडी, धुराडंही सालीचंच. दारात बाई उभी आहे, कपडे धुतलेले, केस चापून बसवलेले. फोटोवाला येणार हे आधी कळलं असावं. कडेवर मूल आहे. काच उघडी असेपर्यंत काही सेकंद हलायचं नसे. ती हललेली नाही. मूल हललं आहे, त्यामुळे त्याच्या तोंडाच्या जागी नुसता पांढुरका फराटा. तो फराटा पाहिला की पोटात कालवतं. दीडशे वर्षांपूर्वीचं ते मूल त्या क्षणी आईकडे वळलं होतं, एवढं नक्की कळतं.

एकदा आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला हिल एंडला नेलं. तिथे मोकळ्या जागांवर त्या त्या ठिकाणचा जुना फोटो छापलेल्या पाट्या लावल्या आहेत. म्हणजे समोर गवत असतं आणि पाटीवर तिथलंच दुकान, दारात माणसं. आई एकेका पाटीपाशी थांबत होती. मुक्कामी परतल्यावर तिला लॅपटॉपवर हे झोपडीचं चित्र दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "हिला पाणी कुठून आणायला लागत असेल गं?" मी बोलायच्या आत तिनेच स्क्रीनवर बोट ठेवलं. झोपडीच्या कोपऱ्याला, छपराच्या वळचणीखाली एक लाकडी पिंप आहे. ते चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं, पिंप कधी दिसलंच नव्हतं.

प्रश्न : सोनं सापडायच्या आधी ती जमीन कुणाची होती? (एक प्राध्यापक, नांदेड)

विराड्जुरी लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. हे मागच्या अंकातच यायला हवं होतं, ते राहून गेलं.

ज्या नदीला नकाशावर मॅक्वारी म्हणतात तिला त्यांच्या भाषेत वांबूल म्हणतात. 1820 च्या दशकात बॅथर्स्टच्या मैदानांवर गोऱ्यांची गुरंमेंढरं वाढली, शिकार आणि कंदमुळं गेली, चकमकी सुरू झाल्या. ऑगस्ट 1824 मध्ये गव्हर्नर ब्रिस्बेन यांनी लष्करी कायदा पुकारला. त्या काही महिन्यांत विराड्जुरींची फार माणसं मारली गेली, बायका-मुलंसुद्धा. त्यांचा पुढारी विंड्राडाइन डिसेंबरमध्ये आपल्या माणसांना घेऊन पर्वतरांगा ओलांडत सिडनीजवळच्या पॅरामॅटाला गव्हर्नरसमोर चालत गेला. त्याच्या टोपीवर इंग्रजीत 'शांतता' हा शब्द लावलेला होता. सोन्याची बातमी फुटली ती यानंतर अवघ्या 27 वर्षांनी. सोन्यासाठी धावलेल्यांना तो मुलुख मोकळा का दिसला, ते यावरून कळेल.

याच उत्तरात चिनी लोकांबद्दलही लिहायला हवं. टँबरूराला त्यांची मोठी वस्ती होती. गोऱ्यांनी सोडून दिलेली माती ते पुन्हा धुवायचे आणि पाणी आणायला डोंगराच्या कडेने मैलोन्‌मैल पाट काढायचे. गोल्डन गली नावाच्या घळीत आजही ती उकरलेली, पावसाने झिजलेली लाल-पिवळी माती आणि मातीची नैसर्गिक कमान पाहता येते. लँबिंग फ्लॅट या दुसऱ्या सोन्याच्या ठिकाणी दंगे करून चिनी लोकांना हाकलल्यावर 1861 मध्ये सरकारने कायदा केला तो चिन्यांवरच. येणाऱ्या प्रत्येकावर 10 पौंडांचा कर बसवला.

प्रश्न : मी सातवीत आहे. दगडातून सोनं कसं काढायचे? मी गेलो तर मला मिळेल का? (अहमदनगर)

बाळा, आधी दगड बारीक करायचा. लोखंडी मुसळांची रांग असलेलं यंत्र असायचं, मुसळं वर जायची आणि धाडकन खाली पडायची, रात्रंदिवस. ते पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून सोडायचे. सोनं पाऱ्याला धरून राहतं, माती वाहून जाते. मग पारा तापवून उडवून द्यायचा. ती वाफ विषारी असते, हे घरी करायचं नाही! हिल एंडजवळ 1855 च्या सुमारास एका कंपनीने आणखी एक युक्ती केली. मोठमोठ्या दगडी भट्ट्यांत लाकडं आणि गारगोटी भरून भाजायची, म्हणजे ती ठिसूळ होते. खर्च फार, सोनं थोडं, काही वर्षांतच काम बंद पडलं. त्या भट्ट्या अजून उभ्या आहेत, रांजणासारख्या, आत उतरून पाहता येतात.

तुला सोनं मिळेल का? गावाच्या जपलेल्या भागात खणायला बंदी आहे. त्याबाहेर ठरवून दिलेल्या जागी थाळीने शोधता येतं. तास-दोन तास पाण्यात हात गारठवलेस तर एखादा कण मिळेलही. थाळी गोल फिरवताना कडा थोडी खाली ठेव, जड ते मागे राहतं.

प्रश्न : आम्ही दोघं एप्रिलमध्ये मुलाकडे सिडनीला येतो आहोत. मुलगा म्हणतो, तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. एक दिवसात होईल का? सोनं संपल्यावर तिथे माणसं राहतात तरी कशासाठी? (ठाणे)

काका, मुलाला म्हणावं एकदा तूही चल. आणि एका दिवसात उरकू नका. सिडनीहून चार तास लागतात, घाटरस्ता आहे, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. बॅथर्स्टला पेट्रोल भरून घ्या. गरम कपडे न्या, एप्रिलमध्येही रात्री तिथे चांगलीच थंडी पडते.

माणसं राहिली कारण सगळी कधी गेलीच नव्हती. काहींनी मेंढ्या पाळल्या, काहींनी सोडून दिलेल्या शिरा पुन्हा खरवडल्या. 1930 च्या मंदीत बेकार झालेली माणसं थाळ्या घेऊन परत आली. मग 1947 मध्ये रसेल ड्रायस्डेल आणि डोनल्ड फ्रेंड हे चित्रकार या भागात आले आणि त्यांना हे उजाड रस्ते आवडले. ड्रायस्डेलचं 'द क्रिकेटर्स' हे प्रसिद्ध चित्र इथलंच. ओसाड इमारतींच्या उंच भिंती आणि त्यांच्यामध्ये क्रिकेट खेळणारी दोन-तीन मुलं, बाकी चिटपाखरू नाही. फ्रेंडने तर इथे घरच केलं. ते घर आता चित्रकारांना काही आठवडे राहून काम करायला देतात. 1967 मध्ये सरकारने गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं, पण रहिवाशांना हलवलं नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्यामुळे कुणाच्या अंगणात कपडे वाळत असतात, धुराड्यातून धूर येत असतो. 1872 सालचं रॉयल हॉटेल अजून चालू आहे. भरभराटीच्या दिवसांत गावात अशी दोन डझनांहून जास्त होती, त्यांतलं हे एकच उरलं. माणसं फारशी बोलकी नाहीत, पण पाटीसमोर जरा जास्त वेळ थांबलात तर कुणीतरी येऊन सांगतं की शेजारची जागा कुणाची होती.

निघण्याआधी लायब्ररीच्या संकेतस्थळावरून हिल एंडची चार-पाच चित्रं फोनमध्ये उतरवून घ्या. गावात पोचलात की मुख्य रस्त्यावर पाट्या बघत चाला, तुमच्याकडच्या चित्रातली जागा सापडली की तिथे उभे राहा. आणि दुपारी उशिरा बेयर्स अॅव्हेन्यूला जा. होल्टरमनच्या साडूने, लुई बेयर्सने, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना युरोपातली झाडं लावली होती. खाणी बंद पडल्या, झाडं वाढत राहिली. तुम्ही जाल तेव्हा त्यांची पानं पिवळी होऊन गळायला लागलेली असतील.